हाताला कोरडं

यादीत माझं नाव होतं, पण रेघेच्या खाली. वर ‘खिंड ओलांडणारे’ म्हणून पाच नावं, मग आडवी रेघ, आणि रेघेखाली ‘तळावर थांबणारे’. तिथे मी एकटी. एका माणसासाठी ‘थांबणारे’! दादाने नोकरीभर जमिनीची मोजणी केली, त्याला रेघा मारायची सवय आहे हे मला मान्य आहे. पण ही रेघ त्याने माझ्या डोंगरातल्या तीस वर्षांवर मारली होती. आणि वर तो कागद माझ्याच लाँड्रीच्या काउंटरवर ठेवून मलाच विचारत होता, “रविवारी तुझं दुकान बंद असतं ना? कपड्यांची परीक्षा इथेच घेऊ. पाणी, मशीन, सगळं आयतं आहे.”

“आणि हे काय आहे?” मी रेघेवर बोट ठेवलं.

“बेबी, मागच्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे.”

मी त्रेपन्न वर्षांची आहे. लाँड्री चालवते, दोन मुलं मार्गी लावली, आणि तरी माझा थोरला भाऊ मला बेबी म्हणतो. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं.

आमचा कंपू सहा जणांचा. दरवर्षी आठवडाभर आम्ही डोंगरात जातो, जिथे रस्ता नाही, निवारा नाही, दुकान तर नाहीच. जे लागेल ते पाठीवर. दादा पुढारी. मग डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर, जे डोंगरातही आपल्याला तोंड उघडायला लावतील अशी धास्ती वाटते. मग लंबू, जो विजेची कामं करतो आणि ज्याला माझ्या दुकानाच्या दारातून वाकून यावं लागतं. दोघे जुळे भाऊ आहेत, ते एकमेकांशीही फारसं बोलत नाहीत. आणि मी. सहा वर्षांपूर्वीपर्यंत वहिनीही यायच्या, तेव्हा आम्ही दोघी एका तंबूत असायचो. आता त्या घरीच असतात आणि माझा तंबू एकटीचा.

कागदाच्या मागच्या बाजूला नियम होते. तीन जुने, एक नवा. नवा असा: ‘अंगालगतचा कपडा मेरिनो लोकरीचाच. पॉलिस्टर चालणार नाही.’ हा नियम का आला ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या खेपेस लंबूने पॉलिस्टरचा एकच थर्मल चार दिवस अंगावर ठेवला, आणि चौथ्या संध्याकाळी डॉक्टर सॅक घेऊन तंबूबाहेर बर्फात जाऊन बसले. मेरिनोला तसा वास येत नाही, आठवडाभर घातला तरी. हे खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. माझ्याकडे धुवायला येणाऱ्या कपड्यांत मी डोळे मिटूनही सांगीन, पॉलिस्टर कुठलं आणि लोकर कुठली.

पण एकाच्या वासापायी सगळ्यांच्या अंगावर एकच कापड? आणि तेही माझ्या अंगावर?

आता मागच्या वर्षाचं सांगते, कारण त्यात मी खोटं बोलले आणि ते मलाच महागात पडलं.

खिंडीच्या अलीकडे एक लांब धार आहे. दोन्ही बाजूंना उतार, आणि वारा असा की टोपी सांभाळायची की तोल, हे ठरवावं लागतं. माझ्या अंगात दादाने वाढदिवसाला दिलेला मेरिनोचा थर्मल होता. मऊ, उबदार, चांगल्यातला. त्याने प्रेमाने दिला होता आणि मी कौतुकाने घातला होता. धारेवर चढता चढता माझ्या छातीतून एकदम वाफ उठली आणि मानेपर्यंत, कानापर्यंत पेटत गेली. दोन मिनिटांत अंग असं भिजलं की पाठीवरून ओघळ कमरेपर्यंत आले. बाहेर गोठणारी थंडी, आणि मी आतून शिजत होते. मग वाफ आली तशी गेली, आणि भिजलेली लोकर अंगाला चिकटून राहिली. वाऱ्याने तासाभरात माझे दात वाजायला लागले, बोटं जॅकेटची चेन ओढेनात. दादाने तंबू ठोकला, मला त्यात घातलं, गरम पाणी पाजलं. सगळे मागे फिरले. खिंड राहिली.

“काय झालं तुला?” असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, “पोट बिघडलं.”

पाच पुरुष तंबूच्या दारात डोकी घालून उभे होते. काय सांगणार होते मी? वर्षभरापासून मला दिवसातून सात-आठ वेळा अशा वाफा येत होत्या. माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पाळी जायचे दिवस आहेत, दोन वर्षं चालेल, पाच चालेल, दहाही चालेल. लाँड्रीत इस्त्रीच्या गरमीत हे खपून जायचं. धारेवर खपलं नाही. पण मी पोटावर ढकललं, आणि दादाने मनात वय लिहून घेतलं. म्हणून ही रेघ.

गेले चार महिने मी रोज पहाटे गावाबाहेरच्या टेकडीवर सॅकमध्ये दहा किलो धुण्याचा सोडा भरून चढत होते. एक दिवस मेरिनो, एक दिवस पॉलिस्टर. वाफ आली की घड्याळ बघायचं, अंग पुन्हा गरम आणि कोरडं व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. मेरिनोत पाऊण तास, कधी त्याहून जास्त. पॉलिस्टरमध्ये पंधरा मिनिटं, जास्तीत जास्त वीस. पॉलिस्टरला दुसऱ्या दिवशी वास येतो हेही पाहिलं. माझा वास मला चालतो. माझा तंबू एकटीचा आहे.

रविवारी सगळे जमले. मधल्या खोलीतल्या मशीनी बंद होत्या, दोऱ्या मोकळ्या होत्या. वहिनी चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि इस्त्रीच्या टेबलाशी स्टुलावर बसल्या. मी खिडकी उघडी ठेवली होती.

परीक्षा आमच्याकडे जुनी आहे. निघण्याआधी नवा कपडा बादलीत बुडवायचा, पिळायचा, ओलाच अंगात घालायचा आणि दीड तास जिना चढायचा-उतरायचा. मग दादा पाठीवर तळहात ठेवतो आणि म्हणतो, पास किंवा नापास. डोंगरात ओढ्यात पडलो तर कपडा अंगावरच वाळला पाहिजे, म्हणून. हात ठेवण्यात दादाचा हातखंडा आहे अशी सगळ्यांची समजूत, आणि दादाची तर जास्तच.

“आज एकदाच सोक्षमोक्ष लावू,” तो म्हणाला. “डॉक्टर मेरिनो घालतील, लंबू पॉलिस्टर. म्हणजे कोणाची तक्रार नको.” ‘कोणाची’ म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन्ही कपडे माझ्या हातात आले. माझ्या दुकानात कपडा आला की आधी काट्यावर जातो, मग पाण्यात. हात आपोआप तिकडे गेले. मेरिनो एकशे सत्तर ग्रॅम, पॉलिस्टर एकशे वीस. खडूने पाटीवर लिहिलं आणि कपडे बादलीत टाकले. कोणी लक्ष दिलं नाही.

डॉक्टर ओला मेरिनो घालून “अरे, गार नाही लागत!” म्हणत जिना चढायला लागले. लंबू पॉलिस्टर घालून शिव्या देत मागे गेला. दीड तास वर-खाली, वर-खाली. जुळे भाऊ पायरीवर बसून चहा प्यायले. शेवटी दोघे धापा टाकत खोलीत आले आणि पाठ करून उभे राहिले.

दादाने डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. “कोरडा! बघा, बघा.” जुळ्यांपैकी एकाने हात ठेवून मान डोलावली, म्हणजे आमच्यात मोठंच भाषण. मग दादाने लंबूच्या पाठीवर हात ठेवला. “हा गार लागतोय. दमट. नापास.”

“थांब,” मी म्हणाले. “दोघांनी काढा ते.”

“ताई, मी?” डॉक्टर म्हणाले. “इथे?”

“डॉक्टर, मी हजार पुरुषांचे बनियन धुतलेत. काढा.”

दोघांनी काढले. मी एकेक काट्यावर ठेवला. पॉलिस्टर एकशे सव्वीस. मेरिनो दोनशे बारा. पाटीवरच्या आकड्यांशेजारी लिहिलं आणि पाटी दादाच्या हातात दिली.

“पॉलिस्टरमध्ये सहा ग्रॅम पाणी आहे,” मी म्हणाले. “तुझ्या कोरड्या मेरिनोत बेचाळीस.”

तो पाटीकडे पाहत राहिला. आकड्यांपुढे तो कधी वाद घालत नाही, हा त्याचा गुण. “काटा बरोबर आहे?”

“काट्यावर माझं दुकान चालतं.”

“मग हाताला कोरडं कसं लागतं?”

“लोकर पाणी पोटात ठेवते, वर दाखवत नाही. लाँड्री उघडली त्या वर्षी एका बाईंचे सहा स्वेटर हात लावून कोरडे समजले आणि घड्या घालून पिशवीत भरले. दुसऱ्या दिवशी कुबट वासाने बाईंनी माझ्या अब्रूची लक्तरं वेशीवर टांगली. त्या दिवसापासून मी लोकरीला हात लावून विश्वास ठेवत नाही. इतकी वर्षं तू पाठीवर हात ठेवतोस आणि पास म्हणतोस, आणि आम्ही सगळे नंदीबैलासारखे मान हलवतो.”

लंबू हसला. दादा नाही हसला. मी पुढे बोलले, कारण खरं सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. “मेरिनो वाईट नाही. ओला असला तरी गरम ठेवतो, चार दिवस वास येत नाही, स्टोव्हजवळ ठिणगी पडली तर वितळत नाही. तुला घाम कमी येतो, तू हळू चालतोस. तुझ्या अंगाला तो बरोबरच आहे. पण मला पॉलिस्टरच हवं. मी पॉलिस्टर घालून येणार. आणि तळावर नाही. खिंडीत.”

“बेबी, शून्याच्या खाली पाच-सहा असतं तिथे. तुला असा किती घाम येणार आहे?”

झालं. हाच प्रश्न. मागच्या वर्षी तंबूच्या दारात याचंच उत्तर मी गिळलं होतं. खोलीत पाच पुरुष, त्यातले दोन उघडे, आणि माझ्या घशाशी तेच पोटदुखीचं उत्तर पुन्हा तयार. माझा मलाच संताप आला. खिंड गेली, नाव रेघेखाली गेलं, आणि अजून मी लाजत होते. कशाची? चोरी केली होती का मी?

“दादा, माझे पाळी जायचे दिवस आहेत,” मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण हळू म्हटलं असतं तर आवाज कापला असता. “दिवसातून सात-आठ वेळा अंगातून वाफा येतात. थंडी असो, बर्फ असो, त्या विचारून येत नाहीत. दोन मिनिटांत मी नखशिखांत भिजते. चार महिने टेकडीवर सोड्याचं ओझं घेऊन, घड्याळ लावून पाहिलंय, पॉलिस्टर वीस मिनिटांत वाळतं, मेरिनो पाऊण तास घेतो. मागच्या वर्षी माझं पोट बिघडलं नव्हतं. धारेवर वाफ आली, तुझा मेरिनो भिजला, वाळला नाही, आणि मी गारठले. म्हातारपणाने नाही. कापडाने.”

डॉक्टर, जे रोज दहा जणांच्या तोंडात हात घालतात, ते स्वतःच्या बुटांच्या नाड्यांकडे निरखून पाहत होते. लंबू छताकडे. जुळे दोघे एकदम उठले आणि पुन्हा बसले. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो म्हणाला, “हे... हे घरात बोलायचं असतं, बेबी. चारचौघांत...”

“चारचौघांत माझं नाव रेघेखाली टाकलंस. उत्तरही चारचौघांतच मिळेल.”

तेव्हा स्टुलाचा आवाज झाला. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याकडे आल्या, काट्यावरचा पॉलिस्टरचा थर्मल उचलून बोटांत चोळून पाहिला.

“वन्सं, हा खरंच वीस मिनिटांत वाळतो?”

“अंगावर, चालताना. हो.”

“मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर,” वहिनी म्हणाल्या. मग दादाकडे वळल्या. “अहो, माझे गुडघे कधी दुखलेच नाहीत.”

दादाला काही कळलं नाही. मलाही पहिल्यांदा नाही कळलं.

“सहा वर्षांपूर्वी मी म्हणाले ना, गुडघे दुखतात, आता मी येत नाही. तुम्ही तेल आणून दिलंत. मी ते सहा वर्षं लावते आहे.” त्यांचा आवाज शांत होता, पण हातातला थर्मल पिळला जात होता. “हेच होत होतं मला. लोकर भिजायची, मी गारठायची, आणि वाटायचं, आपल्यामुळे सगळे अडकणार. म्हणून मीच बाजूला झाले. अजूनही होतं कधी कधी. जिना चढताना होतं, भाजी निवडताना होतं. दारात उभी राहून तुम्हाला हात हलवते ना, तेव्हाही होतं.”

मला रडू आलं आणि त्याच वेळी कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली. आम्ही दोघी एका तंबूत झोपायचो. त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मला झालं तेव्हा मी त्यांना सांगितलं नाही. दोघींनी आपापली पोटदुखी आणि गुडघेदुखी पुढे केली.

दादा खाली बसला. त्याने मला विचारलं, “मागच्या वर्षी तिथेच का नाही सांगितलंस मला? मी काय परका आहे?”

“सांगितलं असतं, तर यंदा माझं नाव रेघेच्या वर असतं?”

तो पटकन ‘असतं’ म्हणून मोकळा होऊ शकला असता, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानल्याचं दाखवलं असतं.

“नसतं,” तो म्हणाला.

त्या एका शब्दासाठी मला तो आवडला, आणि त्याच शब्दासाठी मी त्याला वर्षभर माफ करणार नाही.

“आता सांगितलंय,” मी म्हणाले. “आणि मी परवानगी मागत नाहीये. तुम्ही पाच जण निघा किंवा निघू नका. मी येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी निघणार. वाट मला पाठ आहे.”

“मी पण,” वहिनी म्हणाल्या. “दहा दिवस आहेत अजून. टेकडीवर उद्यापासून येते तुमच्याबरोबर, वन्सं. सोडा किती किलो भरता?”

“अगं, सहा वर्षांत तू सॅक उचललेली नाहीस!” दादा ओरडला.

“सहा वर्षं पाण्याचे हंडे उचलतेय. तुम्ही मोजले नाहीत.”

लंबूने घसा साफ केला. “मला काय वाटतं,” तो म्हणाला, “की ज्याचं अंग त्याचं कापड. फक्त तंबू वेगळा द्या.” डॉक्टर घाईघाईने म्हणाले, त्यांचंही तेच मत आहे, आणि विशेषतः तंबूबद्दल. दादाने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि वहिनींना न घेताच घरी गेला. मी आणि वहिनींनी उरलेला चहा संपवला.

ठरलेल्या गुरुवारी दादा दुसऱ्या-तिसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच दारात सॅक घेऊन उभा होता. नवी यादी काही त्याने दाखवली नाही. वहिनी त्याच्या शेजारी, त्यांच्या अंगात माझ्याकडून नेलेला पॉलिस्टरचा थर्मल. आम्ही सात जण निघालो. चार दिवस तो आमच्या दोघींशी कामापुरतं बोलला: दोर घे, पाणी भर, इथे पाय जपून.

पाचव्या दिवशी धार आली. वारा तसाच. मी दुसरी, दादा पुढे, वहिनी माझ्या मागे. अर्ध्यात आलो आणि छातीतून ती ओळखीची वाफ उठली. मागच्या वर्षी याच जागी मी खाली मान घालून चालत राहिले होते.

“थांबा!” मी ओरडले. “मला वाफ आलीय!”

“मलाही!” मागून वहिनी ओरडल्या. वाऱ्यावरून ते शेवटच्या जुळ्यापर्यंत गेलं असणार. गेलं तर गेलं.

मी जॅकेटची चेन खालपर्यंत ओढली, टोपी काढली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. घाम वाहत होता, वाहू दिला. मागे वहिनी टोपी हातात घेऊन तशाच उभ्या होत्या, केस उडत होते, आणि त्या हसत होत्या. पाच पुरुष बर्फात ताटकळत होते, पाय आपटत होते.

दादा मागे वळला. “किती वेळ?” त्याने विचारलं.

“लागेल तेवढा,” मी म्हणाले.

त्याने सॅक खाली ठेवली, आमच्या बाजूला आला आणि वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.